आईविषयी लिहिलेल्या मजकुरावर आईनेच लाल शाई फिरवली. आता कसे लिहू?

समासातली रेघ (धागाकर्ती)

नमस्कार.

माझी आई ३६ वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिला निवृत्त होऊन आता १७ वर्षे झाली आहेत. लवकरच ती पंचाहत्तरी पूर्ण करील. त्या निमित्ताने तिच्याविषयी एक लहानशी पुस्तिका काढावी आणि ती घरच्यांना व तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना द्यावी, असे आम्हा भावंडांचे ठरले आणि "तू अधूनमधून लिहितेस ना" एवढ्या एका वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडले.

तिची निवृत्तीनंतरची वर्षे मला शाळेतल्या वर्षांपेक्षाही भरगच्च वाटतात. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे, म्हणजे तिच्या सासूबाईंचे, तिने सहा वर्षे सगळे केले. माझी आणि भावाची मुले तिच्याच हाताखाली वाढली. वाचनात मागे पडलेली चार-पाच मुले घेऊन ती रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत बसते आणि त्यांच्याकडून काहीही घेत नाही. (मुले आली की ती पंखा बंद करते आणि त्यांना घामाघूम होऊ देते, हा तिचा काटकसरीचा हट्ट मात्र कोणालाही मोडता आलेला नाही.) याशिवाय कोणाचा अर्ज भरून देणे, कार्यालयातून आलेले पत्र कोणाला समजावून सांगणे, दोन घरांत अबोला झाला की मध्ये पडणे, ही कामे तिच्याकडे नेमकी केव्हा आली हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हे सगळे मला ठाऊक आहे, डोळ्यांसमोर घडलेले आहे, आणि तरीही लिहायला बसले तेव्हा तीन पानांत उतरले ते 'प्रेमळ', 'कर्तव्यदक्ष', 'निःस्वार्थी', 'विद्यार्थिप्रिय' आणि 'कुटुंबवत्सल'. ती पाने मी आईला वाचायला दिली. तिने चष्मा लावला, लाल पेन शोधून आणले, पहिल्या परिच्छेदातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या आणि मग एकेका विशेषणाभोवती गोल काढत गेली. पहिल्या पानाच्या समासात तिने 'उदाहरण द्या' असे लिहिले होते, दुसऱ्यावर नुसते 'उदा.' होते आणि तिसऱ्या पानावर प्रश्नचिन्हाखेरीज काही नव्हते. शेवटी तारीख घालून सही केली. शेरा दिला नाही.

तिचे म्हणणे मला पटले आहे, परंतु उदाहरण मागायला गेले की ती म्हणते, "त्यात सांगण्यासारखे काय आहे? शाळेत गेले, शिकवले, घरी आले." ज्यांनी आपल्या आईवडिलांविषयी किंवा शिक्षकांविषयी असे काही लिहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे की तिच्याकडून बोलणे कसे काढून घ्यावे, आणि इतरांसाठी खपण्यात गेलेले आयुष्य गौरवग्रंथाचा वास न येऊ देता कागदावर कसे आणावे.

---

मुद्रितशोधक

मी बरीच वर्षे स्मरणिका आणि गौरवांक तपासण्याचे काम केले आहे, म्हणून आधी एक कबुली देतो. दोन निवृत्त शिक्षकांच्या पुस्तिका एकाच वेळी छपाईला गेल्या होत्या आणि त्यांची मधली चार पाने बांधणीत अदलाबदल झाली. ती चूक माझ्या नजरेतून सुटली, संपादकांच्या सुटली, समारंभात दोन्ही पुस्तिका वाटल्या गेल्या आणि कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण त्या पानांत नाव कोठेच नव्हते आणि 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य' दोघांनीही सारखेच केलेले होते. पुढे एका सत्कारमूर्तींच्या नातवाने विचारले की आजोबांनी चित्रकला कधी शिकवली, तेव्हा प्रकार उघडकीस आला. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: हे वाक्य दुसऱ्याच्या पुस्तिकेत खपून जाईल का? खपत असेल तर ते खोडावे. तुमच्या मातोश्रींनी तेच केले आहे, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत केले आहे.

आता त्यांना बोलते करण्याविषयी. "तुझ्या आयुष्याविषयी सांग" असे म्हटले की माणूस एकतर गप्प होतो किंवा भाषण देतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली मौखिक इतिहासाचे, म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवण्याचे, काम सुरू केले, तेव्हापासून या क्षेत्रातील मंडळींनी मुलाखतीची जी रीत बसवली आहे तिचा घरगुती अर्थ असा की प्रश्न एका वेळी एकच विचारावा, त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येऊ नये, आणि उत्तर संपल्यासारखे वाटले तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. त्या शांततेत जे दुसरे वाक्य येते ते बहुधा पहिल्यापेक्षा खरे असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न घडलेल्या गोष्टीचा असावा. "शिकवताना समाधान मिळत होते का?" या प्रश्नाला तुमच्या आई 'हो' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी पहिल्या वर्गाचे दार कोणत्या बाजूला होते, हजेरी घेताना पहिले नाव कोणाचे येई, सगळ्यांत शेवटच्या रांगेत कोण बसे, असे विचारून पाहा. अनेक शिक्षकांना एखाद्या वर्षाची हजेरी तीस-चाळीस वर्षांनीही तोंडपाठ म्हणता येते आणि एका नावापाशी ती अडखळते. गोष्ट तिथे असते.

शिवाय प्रश्नात आपले उत्तर सरकवू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली होती. मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा त्यांचा वेग किती होता, असे काहींना विचारले, काहींना त्याच जागी 'लागल्या' अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरून विचारले, तर उरलेल्यांना वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्यानंतर सर्वांना विचारण्यात आले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत फुटकी काच नव्हतीच, तरी जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला आणि सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो, तर "तू आमच्यासाठी किती त्याग केलास, ते सांग ना" या प्रश्नाने आठवणीचे काय होईल, याचा विचार करावा.

आणखी एक. नुसते समोरासमोर बसू नका. जुने कागद लावायला घ्या, कपाट आवरायला घ्या. हाताला काम असले की शिक्षकमंडळी मोकळेपणाने बोलतात, कारण आयुष्यभर त्या फळ्याकडे तोंड करूनही बोलतच आल्या आहेत.

---

मधली सुट्टी

मी स्वतः निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे हा धागा वाचताना तुमच्या आईच्या खुर्चीत बसून वाचला.

निवृत्तीनंतर काय होते हे बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. शाळेत आम्ही पाणी बेताने पितो, कारण तास चालू असताना वर्ग सोडून जाता येत नाही. निवृत्त होऊन वर्ष लोटले तरी मी मधल्या सुट्टीच्या वेळेपर्यंत पाण्याच्या भांड्याला हात लावत नसे. घरात कोणी अडवणारे नव्हते, घंटा नव्हती, पण शरीर घंटेवरच चालत होते. पहिले काही आठवडे मजेत गेले आणि त्यानंतर एक दुपार अशी आली की घरातली सगळी कामे संपली होती आणि मला कोणीही काहीही विचारणार नव्हते. चाळीस मुले एकाच वेळी 'बाई, बाई' करीत असताना जी डोकेदुखी होत असे, तिची मला त्या दुपारी खरोखर आठवण झाली.

म्हणून तुम्हाला एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या आईने चार-पाच मुलांना 'निःस्वार्थीपणे' शिकवले असे लिहू नका. त्या मुलांनी तिला काय दिले हेही विचारा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि त्यांतील प्रौढपणाचा प्रश्न असा सांगितला की माणूस पुढच्या पिढीसाठी काही उभे करतो की स्वतःपाशीच साचून राहतो. हा प्रश्न निवृत्तीच्या तारखेला सुटत नाही. माझ्या बाबतीत तर तो त्या तारखेलाच समोर उभा राहिला. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एक्स्पीरियन्स कोअर' नावाच्या उपक्रमाचा अभ्यास केला. त्यात साठीच्या पुढचे स्वयंसेवक आठवड्याला सुमारे १५ तास प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर काम करीत, आणि मुलांच्या वाचनाबरोबरच त्या वडीलधाऱ्या माणसांची चाल, स्मरणशक्ती आणि माणसांतला वावर यांत काय फरक पडतो हेही संशोधकांनी मोजले. देणारा आणि घेणारा अशी सरळ वाटणी तिथे नव्हतीच.

मुले चार-पाचच का, हेही त्यांना विचारा. ३६ वर्षे मोठा वर्ग सांभाळलेल्या बाईला एका मुलाजवळ बसून त्याचे बोट अक्षराबरोबर कसे सरकते हे पाहण्याची चैन कधी परवडलेली नसते. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली दाखवले होते की एकट्याला शेजारी बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जाऊ शकतो. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच कमी भरला, तरी तो लहान मुळीच नाही. आकड्यांचे राहू द्या. वर्गात जे मूल 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर सरकते, ते बहुतेक वेळा एखाद्याच ठिकाणी अडलेले असते, आणि ते ठिकाण सापडण्यासाठी त्याच्या शेजारी बसावे लागते.

आता पंख्याविषयी, कारण ते वाक्य वाचून मी थबकले. वयपरत्वे ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात आणि लहान मुलांचे कोवळे आवाजही तिकडेच झुकलेले असतात. अशा वेळी मागे एकसारखी घरघर चालू असली की बोललेले ऐकू तर येते, पण काय बोलले ते कळत नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी शब्दांचा शेवट गिळते अशी माझी ठाम समजूत होती. मी तिला दोन आठवडे तेच ते शब्द पुन्हा वाचायला लावत होते, आणि ती बिचारी दरवेळी बरोबर वाचत होती. तुमच्या आईचा पंखा काटकसरीसाठीच बंद होतो, याची खात्री करून घ्या.

---

शेवटचा बाक

वरचे प्रतिसाद चांगले आहेत, परंतु सगळेच तिच्या बाजूने आहेत. मी एका शिक्षिकेचा मुलगा आहे आणि दोन वर्षे आईच्याच वर्गात होतो. वर्गात तिला मी 'बाई' म्हणायचे असा नियम होता. मी हात वर केला तर ती मला सगळ्यांत शेवटी विचारीत असे, पक्षपात होऊ नये म्हणून, आणि बहुतेक वेळा तोवर उत्तर कोणीतरी दिलेले असे. घरी आल्यावर ती उत्तरपत्रिका तपासत बसे. तिने गावभर जे वाटले त्याचा हिशेब कोणाच्या तरी वाट्यातून वजा झाला आहे, हे लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. मी ते लिहिले तेव्हा तिने वाचून एवढेच विचारले की नेमके कोणते उत्तर द्यायचे राहून गेले होते. मला एकही आठवले नाही, हा भाग वेगळा.

धागाकर्तींना माझा प्रश्न असा आहे. 'सहा वर्षे सासूबाईंचे सगळे केले' या वाक्यातले 'सगळे' म्हणजे काय? अंथरुणावरच्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीही. ते कोण करीत होते? घरात आणखी किती माणसे झोपलेली होती? तुम्ही तेव्हा कोठे होतात? 'कुटुंबवत्सल' हा शब्द बहुतेक घरांत हे प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणूनच वापरला जातो.

---

जुनी ध्वनिफीत

मी वडिलांचे असे कथन ध्वनिमुद्रित केले आहे, त्यातून आलेल्या काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

वृद्ध माणसांना आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानाने खूपच जास्त येतात, हे मानसशास्त्रातले बरेच जुने निरीक्षण आहे. तुमच्या आईचेही तसेच होईल. शाळेतली पहिली वर्षे ओसंडून येतील आणि ज्या १७ वर्षांविषयी तुम्हाला लिहायचे आहे ती दोन वाक्यांत आटोपतील, म्हणून त्या वर्षांसाठी वेगळी बैठक ठेवा आणि शक्य असेल तर त्या काळातला काही लेखी पुरावा हाताशी घ्या. त्या जुन्याच गोष्टीत रमल्या तर अडवू नका. मागचे उगाळत बसणे हे पूर्वी वार्धक्याने मन थकल्याचे लक्षण समजले जाई. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले की आयुष्याचा आढावा घेणे ही उतारवयातली स्वाभाविक आणि बहुधा उपयोगी अशी प्रक्रिया आहे. मात्र त्यांनी हेही सांगितले होते की त्यातून पश्चात्ताप आणि उदासीही वर येऊ शकते. एखाद्या विषयावर त्या गप्प झाल्या तर तो विषय त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

दुसरे म्हणजे विद्यार्थ्यांची नावे. जे मूल नापास झाले होते, ज्याच्या घरी काही अडचण होती, ज्याने पैसे चोरले होते, त्याचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापू नका. तो विद्यार्थी आज पन्नाशीचा असेल आणि पुस्तिका त्याच्याच हातात पडणार आहे. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती ठेवा, प्रत्येकीच्या सुरुवातीला तारीख बोलून ठेवा आणि बैठक तासाभराहून लांबवू नका.

---

समासातली रेघ (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत येत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. 'मुद्रितशोधक' यांच्या कसोटीवर ती खूश झाली आणि 'शेवटचा बाक' यांच्या प्रतिसादानंतर तिने मला तो पुन्हा वाचायला सांगितला.

मी काही विचारलेच नाही, कपाट आवरायला काढले. खालच्या कप्प्यात वह्या सापडल्या, एकूण ११. निवृत्तीनंतर तिच्याकडे वाचायला आलेल्या प्रत्येक मुलासाठी एक पान आहे आणि पानावर शाबासकी किंवा तक्रार काहीही नाही, फक्त मूल कोठे अडते ते तारखेनिशी लिहिलेले आहे. 'ब आणि व यांत गोंधळ.' 'जोडाक्षर आले की मागचे अक्षर विसरतो.' 'वाचते, पण ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही. खाली पट्टी ठेवून पाहणे.' एका मुलाच्या पानावर 'र' या एका अक्षराची सगळी रूपे मांडली आहेत, म्हणजे 'कर्म'मधला, 'क्रम'मधला, 'ट्रक'मधला आणि 'वाऱ्या'मधला, आणि प्रत्येकापुढे तो कधी जमला त्याची तारीख आहे. चौथ्यापुढची तारीख पहिल्यानंतर पाच महिन्यांची आहे. मूल कोणाच्याही मदतीशिवाय नवे पान वाचू लागले की ती खाली 'सुटला' किंवा 'सुटली' असे लिहिते आणि सही करते. काही पाने तशीच उघडी राहिली आहेत. मी कोणत्याही पानावर बोट ठेवले की ती ज्याचे पान पुरे झाले त्याच्याविषयी एखादे वाक्य बोले, परंतु उघड्या पानांविषयी मात्र तिला घर, भावंडे, आईवडिलांची नोकरी, येणे बंद झाले तो आठवडा, असे सगळे आठवत होते. ते मी लिहून घेतले आहे, छापणार नाही.

पंख्याविषयी 'मधली सुट्टी' यांची शंका खरी निघाली. मी विचारले तेव्हा तिने आधी विजेच्या बिलाचे कारण सांगितले. थोड्या वेळाने म्हणाली की पंखा चालू असला की मुले काय वाचतात ते तिला त्यांच्या ओठांवरून ताडावे लागते आणि ताडून शिकवणे म्हणजे फसवणूक आहे. हे किती दिवसांपासून होत आहे, याचे उत्तर 'चौथ्या वहीपासून' असे मिळाले. श्रवणचाचणीची वेळ घेतली आहे. ती यायला तयार आहे, फक्त संध्याकाळची नको असे तिचे म्हणणे आहे.

आता 'शेवटचा बाक' यांच्या प्रश्नाचे उत्तर, जे मलाच ठाऊक नव्हते. तिसरी वही उलट्या बाजूनेही भरलेली आहे. मागच्या पानांवर रकाने आखले आहेत आणि त्यांत आजीच्या कुशी बदलल्याच्या वेळा आहेत: १०, १२, २, ४, ६. डावी, उजवी. प्रत्येक वेळेपुढे सही. जो हजर असेल त्याने सही करायची, हा तिचा नियम. दिवसाच्या रकान्यांत वहिनी आहे, सुट्टीच्या दिवसांत भाऊ आहे, मीही आहे, आणि माझ्या सह्या मला वाटत होत्या त्यापेक्षा फार थोड्या आहेत. रात्रीच्या १० आणि १२ला आईची सही आहे, ४ आणि ६लाही तिचीच. दोनच्या रकान्यात मात्र पानामागून पान एक वेगळीच सही आहे, तिरकी, घाईत केलेली. ती वडिलांची आहे. त्यांनी आजीचे काही केले असे आमच्या घरात आजवर कोणीही म्हटलेले नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच, आणि आम्ही भावंडे 'सगळे आईने केले' हे वाक्य इतकी वर्षे ऐकत आणि ऐकवत आलो.

मी पुस्तिकेची पहिली आठ पाने आता या वह्यांच्या आधाराने लिहिली आहेत. त्यांत एकही विशेषण राहिलेले नाही असा माझा दावा होता. आईने दोन शोधून काढली. समासात 'उदाहरण द्या' कोठेही नाही. दोनच्या सहीचा परिच्छेद आहे तिथे तिने बारीक अक्षरांत 'यांना विचारून मगच छापणे' असे लिहिले आहे.

त्याप्रमाणे वडिलांना विचारले. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि म्हणाले की असे काही त्यांना आठवत नाही, सही बहुधा भावाची असावी. भाऊ त्या वर्षी परगावी होता. तेव्हा परिच्छेद ठेवावा की काढावा, हे अजून ठरलेले नाही. मजकूर छपाईला जायला अजून दहा दिवस आहेत.